मोडीच्या वर्गासाठी स्क्रीन रेकॉर्डिंग आणि स्क्रीनशॉट : घरच्या संगणकावर कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

मोडीची वही | गिरगाव | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मी दर रविवारी सकाळी घरून मोडी लिपी शिकवते. सध्या सात विद्यार्थी आहेत. दोघं पुण्याचे, एक बडोद्याची, बाकीचे मुंबईतलेच. पण रविवारी मेगाब्लॉक असला की कल्याण-विरारच्या माणसांना गिरगावात बोलवायचं जिवावर येतं, म्हणून वर्ग ऑनलाइनच घेते. जुन्या कागदाचा स्कॅन पडद्यावर उघडायचा, पेन टॅब्लेटने अक्षरावर खूण करायची आणि वाचून दाखवायचं, अशी पद्धत.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक म्हणजे तासाभराच्या वर्गाचं रेकॉर्डिंग, कारण गूगल मीटच्या मोफत खात्यात ते मिळत नाही आणि दर आठवड्याला कुणाचा ना कुणाचा वर्ग बुडतोच. दुसरी म्हणजे एकेका अक्षराची कात्रणं, म्हणजे कागदावरचा एक 'ळ' किंवा एक जोडाक्षर तेवढंच टिपून गटावर पाठवायचं. आत्ता महिन्याला अशी शंभर-सव्वाशे कात्रणं होतात.

मोडी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आधी ओळभर सरळ रेघ मारायची आणि मग हात शक्यतो न उचलता तिला अक्षरं लटकवत जायचं. त्यामुळे टाक कुठून निघाला आणि कुठे वळला हे दिसलं नाही तर विद्यार्थ्याला काही कळत नाही. बारीक फाटा पुसट झाला की 'व' आणि 'ब' मध्ये घोटाळा होतो.

आतापर्यंत दोनदा हात पोळले आहेत. पहिल्यांदा एक मोफत रेकॉर्डर उतरवला. वर्ग संपल्यावर पाहते तर कागदाच्या बरोब्बर मधोमध त्या कंपनीचं नाव आडवं छापलेलं. दुसरा घेतला, तो चांगला चालला होता. तीन आठवड्यांपूर्वी वर्ग संपत आला असताना घरात गिझर आणि इस्त्री एकदम लागले आणि एमसीबी पडला. आमच्या इमारतीचं वायरिंग जुनं आहे. वीज आली तेव्हा फाईल होती, आकारही भरपूर दिसत होता, पण ती उघडेचना. त्या दिवशी आमच्यातले एक आजोबा, वय ७६, त्यांच्या पणजोबांचं गहाणखत पहिल्यांदा स्वतः वाचत होते. ते रेकॉर्डिंग मला हवं होतं, म्हणून अजून फाईल पुसलेली नाही.

संगणक : डेस्कटॉप, आठव्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. पैसे खर्च करायची तयारी आहे, पण दर वर्षी भरावे लागतील असं नको.

---

बोरिवली फास्ट | शनिवार, रात्री १०:१५

ताई, रेकॉर्डिंगसाठी ओबीएस स्टुडिओ. मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, पडद्यावर कुणाचं नाव छापत नाही, वेळेची मर्यादा नाही. २०१२ पासून चालू असलेला प्रकल्प आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो. लोक थेट प्रक्षेपणासाठी वापरतात म्हणून त्याचं नाव झालं, पण नुसतं रेकॉर्डिंग करायलाही तितकाच पक्का.

तुमची फाईल का गेली ते सांगतो, कारण सॉफ्टवेअर निवडताना माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. एमपी४ फाईलची अनुक्रमणिका साधारणपणे सगळ्यात शेवटी लिहिली जाते, म्हणजे तुम्ही 'स्टॉप' दाबल्यावर. चित्र कुठे, आवाज कुठे, हे सगळं त्या अनुक्रमणिकेत. त्याआधी वीज गेली की पानं आहेत, पण कुठलं पान कुठे ते सांगणारं काहीच नाही. म्हणून आकार दिसतो आणि फाईल उघडत नाही.

ओबीएसमध्ये एमकेव्ही नावाचा प्रकार निवडता येतो. त्यात वीज गेली तरी तोवरचं सगळं शाबूत राहतं. वर्ग संपला की फाईल मेनूत 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज' आहे, तिथून अर्ध्या मिनिटात त्याचं एमपी४ होतं. चित्र पुन्हा दाबलं जात नाही, फक्त खोका बदलतो, त्यामुळे दर्जा जराही उतरत नाही. २०२४ च्या ३०.२ आवृत्तीपासून 'हायब्रिड एमपी४' असाही पर्याय आला आहे, तोही मध्येच बंद पडला तरी टिकतो. मी अजून एमकेव्हीच वापरतो.

एक प्रश्न : विद्यार्थी हे रेकॉर्डिंग कशावर बघतात?

---

मोडीची वही | शनिवार, रात्री १०:३२

बहुतेक सगळे फोनवर. एक जण तर रोज वसईहून येताना गाडीत बघतो. अनुक्रमणिकेचं आत्ता नीट समजलं, आभार.

---

लॅमिंग्टन | शनिवार, रात्री ११:०५

मी पंचवीस वर्षं लॅमिंग्टन रोडला संगणक जोडतोय. गिऱ्हाइकाला माझं पहिलं सांगणं असं की नवीन काही उतरवण्याआधी तुमच्या मशीनमध्ये काय आहे ते बघा.

विंडोज १० मध्ये विंडोज की आणि जी दाबलं की गेम बार येतो. त्यात रेकॉर्डिंग आहे. पण तो एकाच खिडकीचं रेकॉर्डिंग करतो. डेस्कटॉप आणि फाईल एक्सप्लोरर तो घेतच नाही. ताई, तुमचा स्कॅन एका खिडकीत आणि शब्दकोश दुसऱ्या खिडकीत असेल तर तो उपयोगाचा नाही. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये पडद्याचा हवा तेवढा भाग आखून रेकॉर्डिंग करता येतं, आवाजासकट. छोट्या कामाला फार छान आहे.

तुमचा आय-थ्री आठव्या पिढीचा आहे, म्हणजे विंडोज ११ साठी चालतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केली असेल तर घरगुती मशीनला सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. तोपर्यंत ठरवा.

आणि दुसरं, सॉफ्टवेअरइतकंच महत्त्वाचं : यूपीएस घ्या. छोटा घेतला तरी फाईल बंद करून मशीन नीट बंद करण्याइतका वेळ मिळतो. जुन्या चाळींमध्ये माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या हार्ड डिस्कपैकी कितीतरी अशाच वीज जाण्यायेण्याने गेलेल्या असतात.

---

मुलुंड पूर्व | रविवार, सकाळी ७:५०

पैसे देऊन घ्यायचं असेल तर स्नॅगइट आणि कॅमटेशिया ही नावं ऐकायला येतात. चांगली आहेत, पण आता वार्षिक वर्गणीकडे वळली आहेत आणि तुम्हाला नेमकं तेच नको आहे. बँडिकॅमची मोफत आवृत्ती १० मिनिटांनी थांबते आणि वर त्यांचं नाव उमटतं; परवाना घेतला की ही बंधनं जातात. तासाच्या वर्गाला मोफत आवृत्तीचा उपयोग नाही.

मी मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी ओबीएस टाकलं होतं. लॅपटॉपवर नुसता काळा पडदा. दोन दिवस घालवले आणि सोडून दिलं. ताईंना ते जड जाईल असं मला प्रामाणिकपणे वाटतं. स्क्रीनशॉट घ्यायच्या शेअरएक्समध्येही रेकॉर्डिंग आहे, ते का नाही सुचवत कुणी?

---

बोरिवली फास्ट | रविवार, सकाळी ८:३०

शेअरएक्स मी ऑफिसात रोज वापरतो. माझं काम टेस्टिंगचं. दिवसाला वीस-पंचवीस चुका टिपून पाठवायच्या असतात, त्यात शेअरएक्सला तोड नाही. पण रेकॉर्डिंग म्हणाल तर दोन मिनिटांचं दाखवायला ठीक. ताईंना स्वतःचा आवाजही हवा आणि पलीकडच्या सात जणांचाही. शेअरएक्समध्ये तेवढ्यासाठी वेगळी जुळवाजुळव करावी लागते. ओबीएसमध्ये 'डेस्कटॉप ऑडिओ' आणि 'माइक' हे दोन पट्टे पहिल्यापासून समोर असतात, हलताना दिसतात. आवाज येतोय की नाही हे डोळ्यांना दिसणं ही तासाच्या वर्गात फार मोठी गोष्ट आहे.

तुमचा काळा पडदा : लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील. ओबीएस एका चिपवर चालतं आणि पडदा दुसरी चालवते, म्हणून काळं दिसतं. विंडोजच्या सेटिंगमध्ये डिस्प्ले, त्यात ग्राफिक्स, तिथे ओबीएस निवडून 'पॉवर सेव्हिंग' करा आणि पुन्हा उघडा. ब्राउझरची नुसती खिडकी काळी येत असेल तर विंडो कॅप्चरच्या गुणधर्मांत पद्धत बदलून 'विंडोज १०' असलेली घ्या. आणि चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या ॲपची खिडकी काळी येत असेल तर ती मुद्दाम तशी ठेवलेली असते, तिथे तुमचं काही चुकलेलं नाही.

---

मुलुंड पूर्व | रविवार, दुपारी १:१०

पॉवर सेव्हिंग केलं, पडदा आला! वर्षभर मी लॅपटॉपच खराब आहे म्हणत होतो. मनापासून आभार.

---

पार्लेकर | रविवार, दुपारी २:२५

मी लिनक्सवर आहे. गनोम नावाचा डेस्कटॉप वापरणाऱ्यांना त्याच्या २०२२ च्या ४२ आवृत्तीपासून प्रिंट स्क्रीन दाबलं की स्क्रीनशॉट आणि रेकॉर्डिंग दोन्ही एकाच चौकटीत मिळतं. कात्रणांवर खुणा करायला फ्लेमशॉट सुंदर आहे. ताई, विंडोज १० सोडायचंच असेल तर विचार करा.

---

मोडीची वही | रविवार, दुपारी ४:००

पार्लेकर, माझा स्कॅनर बारा वर्षांचा आहे आणि त्याचा ड्रायव्हर याच विंडोजवर बसलेला आहे. त्याला हात लावायची भीती वाटते. कागद लोकांच्या घरचे असतात, एकदाच हातात येतात. त्या दिवशी स्कॅनर चाललाच पाहिजे. तेव्हा तूर्तास आहे तिथेच.

आज वर्गाच्या आधी ओबीएस टाकलं. सुरुवातीला ते विचारतं की प्रक्षेपण करायचंय की फक्त रेकॉर्डिंग, तिथे फक्त रेकॉर्डिंग निवडलं. पाच मिनिटांची चाचणी केली, त्यात दोन अडचणी दिसल्या. विद्यार्थ्यांचा आवाज दोनदा येतोय, एक स्वच्छ आणि मागोमाग एक विहिरीतून आल्यासारखा. आणि माझ्या आवाजामागे पंख्याची घरघर. पंखा बंद करून इथे दहा मिनिटंही बसवत नाही.

---

लॅमिंग्टन | रविवार, सायंकाळी ६:४५

आवाज दोनदा येतोय कारण स्पीकरवर ऐकताय. एकदा तो थेट संगणकातून रेकॉर्ड होतो आणि दुसऱ्यांदा स्पीकरमधून निघून माइकमध्ये शिरतो. हेडफोन लावा, प्रश्न मिटला. माइक असलेला साधा वायरचा हेडसेट घ्या. तोंडाजवळ माइक आला की पंख्याचा आवाज आपोआप मागे पडतो.

---

बोरिवली फास्ट | रविवार, रात्री ८:२०

त्याच्या जोडीला : ओबीएसमध्ये माइकच्या पट्ट्यावर उजवी टिचकी, 'फिल्टर्स', त्यात 'नॉइज सप्रेशन'. आरएनएनॉइज नावाची पद्धत निवडा. एकसुरी घरघर ती फार छान काढते. बोलताना पट्टा पिवळ्या भागात खेळला पाहिजे, लाल भागात गेला की आवाज फाटतो. तो फाटलेला आवाज नंतर कुठल्याही उपायाने नीट होत नाही, म्हणून जरा कमीच ठेवलेला बरा.

आणखी एक. रेकॉर्डिंग मध्ये थांबवायचं असेल, म्हणजे दारावर कुणी आलं वगैरे, तर पॉज बटण असतं. पण सेटिंगच्या 'आउटपुट' भागात रेकॉर्डिंगचा दर्जा 'स्ट्रीमसारखाच' ठेवला असेल तर ते बटण मिळत नाही. 'हाय क्वालिटी' निवडा, मग दिसेल.

---

तळटीप | दादर | रविवार, रात्री ९:३५

मी छापखान्यात मजकूर लावण्याचं काम केलं आहे, त्यामुळे मला कात्रणांबद्दल बोलायचं आहे. इथे सगळे रेकॉर्डिंगचंच बोलत आहेत, पण मोडी शिकणाऱ्याला कात्रण जास्त लागतं. ते तो फोनमध्ये ठेवतो आणि पुन्हा पुन्हा बघतो.

कात्रण पीएनजीमध्येच ठेवा. पीएनजीमध्ये पडद्यावरचा प्रत्येक ठिपका जसाच्या तसा राहतो. जेपीजी फोटोसाठी आहे. अक्षराच्या कडेला ते धूसर ठिपके सोडतं आणि आपल्या लिपीत नेमकं कडेलाच सगळं असतं. अनुस्वार, रफार, उकाराचं शेपूट. मी 'चिंच'चं 'चिच' झालेलं पाहिलं आहे. मोडीत तर तुम्ही म्हणता तसा एक फाटा गेला की अक्षर बदललं.

दुसरं, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ते चित्र पुन्हा दाबलं जातं. तुम्ही कितीही जपून टिपलेलं असो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मग मूळ फाईल जशीच्या तशी पोचते. माझी खात्री आहे की तुमच्या विद्यार्थ्यांपर्यंत आजवर पोचलेली कात्रणं तुम्ही पाठवलेल्यापेक्षा पुसट आहेत. एकाच्या फोनवर बघून घ्या.

---

मोडीची वही | रविवार, रात्री १०:१०

तळटीप, आत्ताच समोरच्या बिल्डिंगमधल्या विद्यार्थिनीकडे जाऊन तिच्या फोनवर पाहिलं. तुमचं अगदी खरं आहे. 'श्री' च्या वळणातली बारीक रेघ तिच्याकडे नाहीच. आणि मी गेले सहा महिने तिला म्हणतेय की नीट बघ, रेघ आहे. तिची क्षमा मागून आले.

---

बोरिवली फास्ट | सोमवार, सकाळी ९:०५

कात्रणांसाठी सोपं हवं असेल तर ग्रीनशॉट, भरपूर हवं असेल तर शेअरएक्स. दोन्ही मोफत, मुक्त स्रोत.

विंडोज, शिफ्ट आणि एस ही तीन बटणं तर आहेतच, पण विंडोज १० मध्ये टिपलेलं चित्र नुसतं क्लिपबोर्डवर जातं, जपून ठेवायला दर वेळी 'सेव्ह' करावं लागतं. महिन्याला सव्वाशे वेळा ते करायचं म्हणजे वेळ जाणार. ग्रीनशॉटला एकदा फोल्डर दाखवला की तो स्वतः नाव देऊन ठेवत जातो. प्रिंट स्क्रीन दाबलं की भाग आखायचा. आणि शिफ्ट धरून प्रिंट स्क्रीन दाबलं की मागच्या वेळी आखलेलाच भाग, त्याच मापाचा, पुन्हा टिपला जातो. म्हणजे चौकट जागेवर ठेवून खाली कागद सरकवत गेलात की सगळी अक्षरं एका मापाची मिळतील.

शेअरएक्समध्ये लांबलचक पान सरकवत सलग टिपता येतं, चित्रातला मजकूर उचलता येतो, छोटं जीआयएफ करता येतं. तुमच्यासाठी जीआयएफ बघा : एक अक्षर लिहितानाचे चार सेकंद, पुन्हा पुन्हा फिरणारे. फक्त शेअरएक्स टाकल्यावर 'आफ्टर कॅप्चर टास्क्स' मेनू उघडा आणि तिथे अपलोडवर टिक असेल तर काढा. लोकांच्या जमिनीचे कागद आपल्या नकळत इंटरनेटवर जायला नकोत.

---

कोर्टकचेरी | सोमवार, रात्री ९:२०

शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत, आणि त्यावरच थोडं. मी वकिली करते.

ताई, कागदावर नावं, गट नंबर, हद्दी असतात. विद्यार्थ्यांना पाठवताना त्या झाकायच्या असतील तर धूसर करण्यावर विसंबू नका. धूसर केलेल्यातून मूळ मजकूर काढता येऊ शकतो. त्यावर भरीव काळा चौकोन टाका आणि नव्या नावाने जतन करा. २०२३ च्या मार्चमध्ये असं उघड झालं की विंडोज ११ चं स्निपिंग टूल आणि विंडोज १० चं स्निप अँड स्केच यांत चित्र कातरून त्याच फाईलवर जतन केलं तर कातरलेला भाग फाईलच्या पोटात शिल्लक राहत होता. मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात दुरुस्ती दिली. पण त्याआधी कातरलेल्या जुन्या फाईली कुणाला पाठवायच्या असतील तर मूळ चित्रावरून पुन्हा कातरा.

वर्गाचं रेकॉर्डिंग करण्याआधी सगळ्यांना स्पष्ट विचारा. आवाज त्यांचा आहे, कागद त्यांच्या घरचे आहेत. आणि शक्यतो 'डिस्प्ले कॅप्चर'ऐवजी 'विंडो कॅप्चर' वापरा. अख्खा पडदा घेतला की मध्येच बँकेचा ओटीपी कोपऱ्यात उगवला तर तोही रेकॉर्ड होतो.

विषय निघालाच आहे तर, ऑनलाइन फसवणुकीत लोक माझ्याकडे स्क्रीनशॉट घेऊन येतात. आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, मग माझ्याकडे या. स्क्रीनशॉट कातरू नका, त्यावर लाल गोल काढू नका, अख्खा पडदा तारीख-वेळेसकट ठेवा आणि मूळ मेसेज पुसू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाईलचं हॅश मूल्य, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून काढलेला तिच्या ठशासारखा आकडा, नोंदवायचं असतं. फाईलमध्ये एक ठिपका बदलला तरी हॅश बदलतो, म्हणून मूळ फाईलला हात लावायचा नाही.

---

लॅमिंग्टन | सोमवार, रात्री १०:००

वकीलबाईंच्या सांगण्याला जोडून, उतरवताना सांभाळा. शोधयंत्रात ओबीएस किंवा शेअरएक्स लिहिलं की कधी कधी सगळ्यात वर जाहिरात येते, नाव तेच आणि पत्ता भलताच. पत्ता स्वतः टाइप करा : ओबीएसप्रोजेक्ट डॉट कॉम, गेटशेअरएक्स डॉट कॉम, गेटग्रीनशॉट डॉट ऑर्ग. आणि 'तुमच्या स्क्रीनचं रेकॉर्डिंग करून देतो, हे ॲप टाका' असं फोनवर कुणी म्हणालं तर फोन ठेवा. ते ॲप तुमचा पडदा त्याला दाखवण्यासाठी असतं.

---

मोडीची वही | पुढचा रविवार, दुपारी १२:३०

मंडळी, आजचा वर्ग रेकॉर्ड झाला. ५८ मिनिटं, एमकेव्ही, मग रीमक्स करून एमपी४. फाईल साधारण ६४० एमबी. हेडसेटमुळे आवाज एकेरी आहे, पंखा ऐकू येत नाही. सगळ्यांना आधी विचारलं, सगळे हो म्हणाले.

एक खटकलं. मी पेनने लाल खुणा करते. कागद पिवळट-तपकिरी, शाई काळी. रेकॉर्डिंगमध्ये काळी अक्षरं स्वच्छ आहेत, पण माझी लाल रेघ कडेने विरघळल्यासारखी दिसते. दर्जा वाढवूनही फरक पडला नाही.

---

तळटीप | रविवार, दुपारी २:००

ते दर्ज्याचं नाही. नेहमीच्या व्हिडिओत उजेड-अंधार प्रत्येक ठिपक्याचा वेगळा साठवतात, पण रंग चार ठिपक्यांना मिळून एकच. काळी शाई म्हणजे नुसता अंधार, म्हणून ती टोकदार राहते. बारीक लाल रेघ फक्त रंगाने ओळखू येते आणि रंगच जाडाभरडा साठवलेला असतो. रेघ जाड करा, निदान चार ठिपक्यांची. किंवा कागदापेक्षा खूप गडद रंग घ्या, गर्द निळा. छपाईतही आम्ही पिवळ्या कागदावर बारीक लाल अक्षर टाळायचो.

---

बोरिवली फास्ट | रविवार, दुपारी ३:१५

सहमत. आणि 'व्हिडिओ' सेटिंगमध्ये दोन मापं असतात, 'बेस' आणि 'आउटपुट'. दोन्ही तुमच्या पडद्याच्या मापाएवढीच ठेवा. आउटपुट लहान असेल तर सगळी अक्षरं आकसतात आणि फाटे पुसट होतात. सेकंदाला फ्रेम, म्हणजे चित्रं, ३० ठेवा. स्थिर कागदाला १५ पुरल्या असत्या, पण तुम्हाला टाकाची चाल दाखवायची आहे.

रेकॉर्डिंग गूगल ड्राइव्हवर ठेवणार असाल तर त्याचं गणित : मोफत १५ जीबी, त्यात जीमेल आणि फोटोही आले. तुमच्या आकाराने वीसेक वर्ग मावतील. जुने बाहेरच्या डिस्कवर काढत जा.

ती उघडत नसलेली फाईल अजून आहे का? अनट्रंक नावाचं एक मुक्त स्रोत साधन आहे. त्याच रेकॉर्डरने, त्याच सेटिंगवर केलेली दुसरी चांगली फाईल त्याला नमुना म्हणून द्यायची. तिच्यावरून ते बिघडलेल्या फाईलची अनुक्रमणिका पुन्हा बांधायचा प्रयत्न करतं. हमी नाही. मूळ फाईलची प्रत काढून प्रतीवरच करा. अडलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी फोनवर सांगतो.

---

मोडीची वही | मंगळवार, रात्री १०:५५

बोरिवली फास्ट यांनी काल रात्री तासभर फोनवर बसून करून घेतलं. आधीच्या आठवड्याची चांगली फाईल नमुना म्हणून दिली. पहिल्यांदा नुसता आवाज आला, चित्र हिरवं. मग लक्षात आलं की त्या आठवड्यात मी पडद्याचं माप वेगळं ठेवलं होतं. त्याच मापाची दुसरी फाईल शोधून दिली आणि ४१ मिनिटं परत मिळाली. शेवटची काही मिनिटं नाहीत, पण आजोबांचं वाचन त्यात आहे. ते 'कर्जरोखा लिहोन दिल्हा ऐसाजे' इथे अडखळतात, मी काही बोलत नाही, ते बोटाने मोजत परत मागे येतात आणि दुसऱ्यांदा सरळ वाचतात.

आज ती फाईल पेनड्राइव्हवर घालून त्यांच्या घरी पोचवली, लालबागला. फोनवर त्यांना नीट दिसत नाही, म्हणून टीव्हीला लावून दिली. टीव्हीवर अक्षरं एवढी मोठी दिसल्यावर ते उठून जवळ गेले आणि मी पेनने न दाखवलेला एक शब्द त्यांनी स्वतः वाचला. पणजोबांच्या गावाचं नाव होतं.

यूपीएस शुक्रवारी येतोय. कात्रणांसाठी ग्रीनशॉट टाकलं आहे, खुणा आता गर्द निळ्या. पुढच्या रविवारी चार सेकंदांचं जीआयएफ करून बघणार आहे, 'ळ' पासून सुरुवात.